मधला डाग

तक्का, पनवेल
९ सप्टेंबर १९९०

ताय,

गणपतीला आलीस, दोन दिवस राहिलीस आणि मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटीच जाऊन आलीस. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणालीस. परत आल्यावर "नंबर वाढलाय, बारीक दिसत नाय, मोठं अक्षर असलं की झालं" एवढंच सांगितलंस आणि नीताला म्हणालीस, पोह्यांत मीठ कमी आहे. तेव्हापासून ते मोठं अक्षर माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेतल्या बाईला पुस्तक दिसू नये म्हणजे काय.

आमच्या शेडमागे मोहल्ल्यात इस्माईल मुकादम राहतात, वयस्कर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मुलाने कुवेतहून पाठवलेलं एक प्लॅस्टिकचं पान त्यांच्याकडे आहे. वहीएवढं, पारदर्शक, चपटं. पुस्तकावर धरलं की अक्षर दुप्पट होतं. नख फिरवलं तर कळतं, त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल गोल बारीक खाचा आहेत. त्या खाचाच भिंगाचं काम करतात. चाचा त्यातून कुराण वाचतात.

तुझ्यासाठी एक मागवा म्हटलं तर म्हणाले, "बेटा, तिकडे लढाई पेटली आहे. माझा मुलगाच परत येतो की नाही, खुदा जाणे." मुंबईत लोहार चाळ पालथी घातली, कुणाकडे नाही.

मग मनात आलं, मी गाड्यांच्या नंबरप्लेटा दाबतो. प्रेस आहे, तापणाऱ्या लोखंडी पाट्या आहेत. प्लॅस्टिक गरम करून त्यावर आकडा उठवता येतो तर खाच का उठणार नाही? चाचांनी साचा काढायला त्यांचं पान दिलंय. दिवाळीपर्यंत तुला तुझं पान मिळेल.

दाजींना नमस्कार सांग.

हरेश


म्हसळा
२१ सप्टेंबर १९९०

हरेश,

तुझं पत्र पोचलं. लहानपणी तू घरातलं घड्याळ उघडून बसायचास आणि ते पुन्हा कधी चालायचं नाही, त्याची आठवण झाली. तरी कर. मी नको म्हणणार नाही.

माझी काळजी करण्यासारखं काही नाही. डॉक्टर म्हणाले, चष्मा बदलून उपयोग नाही. तेव्हा तुझ्या पानाचीच वाट पाहते. तिसरीचं पुस्तक मला अनेक वर्षांच्या सवयीने तोंडपाठ आहे, त्यामुळे वर्गात अडत नाही. अडतं ते वह्या तपासताना. मुलांना म्हटलंय, अक्षर मोठं काढा, मोठ्या अक्षराला मार्क जास्त. सगळी पोरं बैलाएवढी अक्षरं काढतायत आणि वह्या दोन आठवड्यांत संपतायत. पालक तक्रार करायला आले होते.

तू प्रेसजवळ सांभाळून. नीताला म्हणावं, मीठ बरोबरच होतं, मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलले.

तुझी ताय


तक्का, पनवेल
४ नोव्हेंबर १९९०

ताय,

दिवाळी गेली आणि पान झालं नाही. झालं ते सांगतो.

इथे काशीरामकाका म्हणून आहेत. मुंबईत तबकड्यांच्या कारखान्यात होते, कॅसेटी आल्या आणि कारखाना बंद झाला. त्यांनी चाचांच्या पानावर चांदीचा पातळ थर दिला आणि निकेलच्या पाण्यात बुडवून त्यावर हळूहळू धातू चढवला. तो पत्रा सोलून काढला तर खाच न् खाच त्यात उलटी उतरलेली. उन्हात धरला तर सप्तरंग दिसतात. हा आपला साचा. पण चांदी धुताना चाचांचं पान पांढरट पडलं, त्यातून आता वाचता येत नाही. चाचांनी ते फिरवून पाहिलं आणि आत नेऊन ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे आता मला दोन पानं करायची आहेत.

अॅक्रिलिकची पाटी गरम करून साच्यावर दाबायची, एवढंच काम. पण हा माल विचित्र आहे. गार असताना काचेसारखा तडकतो. शंभराच्या पुढे चामड्यासारखा होतो आणि दीडशेच्या आसपास आपल्या उकडीसारखा. पाण्यासारखा पातळ तो होतच नाही. म्हणून खाचेत आपणहून उतरत नाही, ढकलावा लागतो, आणि ढकलून थांबावं लागतं. आधी तो खाचेच्या तोंडाशी फुगतो, मग कडांना धरून आत सरकतो, आणि तळाचा टोकदार कोपरा सगळ्यात शेवटी भरतो. तो कोपरा भरला नाही तर टोक बोथट राहतं आणि अक्षर विस्कटतं. घाई करून प्रेस उघडला तर माल पुन्हा आखडतो, पहिल्यासारखा सपाट व्हायला बघतो. दाब तसाच ठेवून गार होऊ द्यावं लागतं, आणि तेवढ्यात वीज गेली की सगळं फुकट.

बरीच पानं फेकली. त्यातलं त्यात बरं एक पाठवतोय. वापरून बघ आणि खरं काय ते कळव.

हरेश


म्हसळा
२३ नोव्हेंबर १९९०

हरेश,

पान आलं. सकाळच्या उजेडात ओट्यावर बसून पुस्तकावर धरलं. कडेची अक्षरं मोठी आणि छान दिसतात. मात्र मधोमध एक करडा डाग आहे, बोट पुसल्यासारखा. त्यामागचं काही दिसत नाही. पान सरकवलं की डागही सरकतो. तुझ्या साच्यातच मधे काही राहिलं असेल का? तेवढं काढता आलं तर काम होईल.

पान परत पाठवतेय, म्हणजे तुला पाहता येईल. पुस्तकातला पहिला धडा मी त्यातून निम्मा वाचला, हे मुद्दाम सांगते. निम्मा वाचता येतो तर पुरा का नाही?

चाचांचं पान आधी करून दे. नाही, तसं लिहू नये, पण मनात आहे ते लिहिते. आधी माझं कर.

तुझी ताय

ता. क. तू विचारशील म्हणून सांगते, अक्षर मोठं काढायची सवय मलाही लागली आहे.


तक्का, पनवेल
६ जानेवारी १९९१

ताय,

डागाचं कारण सापडलं. हवा.

साचा सपाट, पाटी सपाट. दाबताना कडा आधी टेकतात आणि मधल्या खाचांतली हवा कोंडते. माल येतो, हवा दबते, पण जाणार कुठे? ती खाचेच्या तळाशी बसून राहते आणि माल तिथवर पोचतच नाही. तू पाठवलेलं पान मी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. मला खरं तर मधे काही दिसलं नाही. पण माझे डोळे चांगले आहेत ना, त्यांना निभावून न्यायची सवय असते. तुझ्या डोळ्यांना दोष लगेच कळत असणार.

भंगारातून एका जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला. साच्याभोवती लोखंडी पेटी बांधली, रबर लावलं, आणि कॉम्प्रेसर उलटा जोडून आतली हवा ओढून घेतली. मग दाब दिला. पहिल्यांदा रबर जळालं. दुसऱ्यांदा पेटीचं झाकण उसळलं आणि माझं मनगट भाजलं. पट्टी आहे, लिहिता येतंय.

नंबरप्लेटांची गिऱ्हाईकं दुसरीकडे जायला लागलीत. नीता काल शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुमची बहीण ती माझीपण नणंद आहे. पण पंधरा दिवस झाले, पोरांनी बापाचं तोंड पाहिलं नाही." मी म्हटलं, हे एक होऊ दे. ती डबा ठेवून गेली.

सोबत दोन पानं आहेत. यांत हवेचा कण राहिला असेल तर मी हा धंदा सोडेन. लगेच कळव.

हरेश


म्हसळा
२८ जानेवारी

हरेश,

दोन्ही पानं पाहिली. डाग आहे. पण विरळ झाल्यासारखा वाटतो. नक्की विरळ झालाय. तू बरोबर वाटेवर आहेस. आणखी एकदा कर.

जूनला तिसरीचं पुस्तक बदलतंय, नवे धडे येणार. ते मला पाठ नाहीत. मला जूनच्या आत वाचता आलं पाहिजे. मनगट कसं आहे ते लिहिलं नाहीस. लिही. पण पान कर.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर रागवू नकोस, संध्याकाळी लिहितेय, दिव्याची वात नीट नाही.

ताय


तक्का, पनवेल
३ मार्च १९९१

ताय,

तुझं पत्र नीताने आणि मी दोघांनी मिळून लावलं. शेवटच्या तीन ओळी एकाच ओळीवर होत्या.

तू सांगितल्यापासून मी तापमान वाढवून पाहिलं, दाब वाढवून पाहिला, पाटी आधी भट्टीत सुकवून पाहिली. साच्यावर टिचभर ओरखडासुद्धा नाही. प्रत्येक पान मी वर्तमानपत्रावर धरतो आणि प्रत्येकातून स्वच्छ दिसतं. मला वाटायला लागलं की माझंच डोकं फिरलंय. काल मी प्रेसपाशी बसून रडलो. लाज वाटली, पण रडलो.

आज दुपारी चाचा शेडमध्ये आले. त्यांचा मुलगा जॉर्डनमार्गे हातीपायी धड परत आला, तो पेढे घेऊन बरोबर होता. चाचांनी कोपऱ्यात पडलेलं एक पान उचललं. तू नोव्हेंबरात परत पाठवलेलं, पहिलं, डागाचं. खिशातून पोथीएवढं पुस्तक काढलं, वर पान धरलं आणि वाचायला लागले. मोठ्याने, न अडखळता. एक पान संपवून दुसरं उलटलं.

मी म्हटलं, "चाचा, मधे डाग आहे ना?"

ते म्हणाले, "कुठे?"

मी त्यांना सगळी पानं एकेक करून दिली. सगळ्यांतून वाचलं. ज्याला हवं ते घ्या म्हटलं तर त्यांनी तुझंच पहिलं घेतलं.

ताय, डाग पानात नाही. मग कुठे आहे? डॉक्टर गणपतीत काय म्हणाले होते?

हरेश


म्हसळा
१९ मार्च १९९१

प्रिय हरेश,

मी सुभाष. मला पत्रं लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहितो.

तुझं पत्र मीच दमयंतीला वाचून दाखवलं. दिवाळीपासून तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवतो. तुला कळवू नका अशी तिची ताकीद होती. "कुठे आहे?" इथवर आलो तेव्हा ती उठून चुलीपाशी गेली.

त्यानंतर सोमवारी शाळेत शिक्षण विस्तार अधिकारी आले. त्यांनी पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं, म्हणाले, बाई, हा धडा मुलांना वाचून दाखवा. तिने पुस्तक डोळ्यांसमोर धरून धडा म्हटला. छान म्हटला, आवाजात चढउतार सगळं. मुलं खाली बघून बसली होती, असं तिच्याबरोबरच्या गुरुजींनी मला सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हा धडा पुढे आहे. या पानावर कविता आहे."

त्यांनी अपमान केला नाही. रजेवर जा, अलिबागच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा, म्हणाले. दाखला कसला येणार ते तिला माहीत आहे.

त्या संध्याकाळी ती घरी आली नाही. मी शाळेत गेलो, बाजारात पाहिलं, मग खाडीवर गेलो. बंदराच्या पायऱ्यांवर ती उभी होती. गुडघ्यापर्यंत पाणी होतं आणि भरती चढत होती. मी हाक मारली तर वळली नाही. मी उतरून हाताला धरलं. म्हणाली, "पायरी दिसली नाही."

मी पुढे काही विचारलं नाही. मला धीर होत नाही. तू विचार. तू तिचं बोलणं ऐकतोस.

सुभाष म्हात्रे


म्हसळा
५ एप्रिल १९९१

हरेश,

हात यांचा आहे, शब्द माझे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं असं वचन घेऊन बसले आहे.

डॉक्टर गणपतीत म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मरत चालला आहे. कडा राहतील. चालता येईल, भिंत दिसेल, दार दिसेल. ज्याच्याकडे बघाल तेच दिसणार नाही. औषध नाही. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, वर्षभर धरून चाला. मग मी तुझ्याकडे आले आणि मिठाबद्दल बोलले.

तुझं पहिलं पान आलं, तेव्हा त्यातून डाग दिसला. पान बाजूला केलं तरी डाग होताच. मला ते कळलं नाही असं नाही. पण पत्र लिहिताना पानाला डाग आहे असंच लिहिलं गेलं. आणि मग तू तो काढायला लागलास. हवा सापडली म्हणालास, पेटी बांधलीस, मनगट भाजून घेतलंस. पनवेलला कुणीतरी रात्रंदिवस तो डाग काढायला बसलंय, एवढं मला पुरत होतं. मला वाटायला लागलं, इतका खपतोय तर निघेलही. सकाळी उठले की आधी हाताच्या पंज्याकडे बघायची, निघाला का म्हणून. मी तुला फसवलं, पण त्याच्या आधी मी स्वतः फसले होते. तुझं नुकसान झालं त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

आता खाडीचं. यांना मी म्हटलं की पायरी दिसली नाही. पायरी कडेला होती. कडेचं मला दिसतं.

इथे यांचा हात थांबला आहे. मी म्हटलं, लिहा.

पुन्हा जाईन असं वाटत नाही. पण जाणार नाही असंही मी वचन देत नाही, कारण सकाळी उठून करायचं काय ते मला माहीत नाही. सोळा वर्षं मी सकाळी उठून शाळेत गेले आहे.

पानं आता पाठवू नकोस.

दमयंती


तक्का, पनवेल
२३ जून १९९१

ताय,

मे महिन्यात मी येऊन चार दिवस राहिलो. तू जेवलीस, झोपलीस आणि माझ्याशी हवापाण्याशिवाय बोलली नाहीस. मीही काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो. परतताना एस.टी.त मला सारखं वाटत होतं की घरी पोचायच्या आत तार येईल. अजूनही पोस्टमन दिसला की आधी त्याच्या हातात तार आहे का ते बघतो. तू सांगितलंस ते मी नीतालाही सांगितलेलं नाही.

शेडमध्ये जातो, प्रेस तापवतो आणि काय दाबायचं ते सुचत नाही. म्हणून मुंबईला अंधशाळेत गेलो. रागावू नकोस. तिथे एका बाईंनी मला ठिपक्यांची लिपी दाखवली. एका अक्षराला सहा ठिपक्यांची जागा, त्यातले कुठले उठलेले आहेत त्यावरून अक्षर. मोठ्या वयात शिकणं कठीण, बोटं जाड झालेली असतात, असं त्या म्हणाल्या. कागदावरचे ठिपके बोटांखाली लवकर चपटे होतात, प्लॅस्टिकचे टिकतात, असंही म्हणाल्या. तेवढं मला पुरलं.

पितळेच्या पाटीत बारीक खळगे कोरले. माल गरम करून दाबला की खळगा भरतो आणि वर ठिपका उठतो. खळगा भरला नाही तर ठिपका नाही. खाचेसारखंच आहे सगळं.

मुळाक्षरांची पानं पाठवतोय, वाचायची कशी ते दाजींना वेगळं लिहिलंय. तुझ्यासाठी केली असं म्हणत नाही. माझे हात स्वस्थ बसेनात म्हणून केली. नको असतील तर चुलीत घाल, फक्त धूर फार होईल.

हरेश


म्हसळा
३० ऑगस्ट १९९१

हरेश,

हात याही वेळी यांचाच आहे. तुझी मुळाक्षरं तीन आठवडे पलंगाखाली पडून होती. मी त्यांना पाय लावून ढकलूनही पाहिलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी दाखल्यावर अपात्र लिहिलं. त्यावर मी अर्ज केला आहे आणि दिवाळीनंतर मला साहेबांपुढे बोलावलंय. नोकरी राहील असं मला वाटत नाही, यांनाही वाटत नाही. पण अर्ज लिहून झाला त्या दिवशी घरात कुणी नव्हतं आणि मी पलंगाखालून पानं ओढली.

पहिल्या दिवशी बोटांखाली नुसती खडी लागली. अशीच खडी महिनाभर लागत होती. बोटांची टोकं सोलली. एकदा चिडून पान अंगणात फेकलं, आणि अंधार पडल्यावर हे कंदील घेऊन ते शोधत होते, हे मी कडेच्या नजरेने पाहिलं. मग एका सकाळी खडीतून 'अ' निघाला. त्याच्या शेजारी, एक ठिपका जास्त असलेला 'ब' होता. मी तिथेच थांबले, दुपारपर्यंत पुढे गेले नाही. पुढचं अक्षर निघालं नाही तर, अशी भीती वाटत होती.

गेल्या आठवड्यात तू शब्दांचं पान पाठवलंस. त्याबद्दल सांगायचं आहे.

चौथ्या ओळीत तू 'रवा' लिहिलायस. 'र'च्या डाव्या रांगेतला सगळ्यात खालचा ठिपका उठलेला नाही. तो नसला की 'र'चा 'ह' होतो, आणि 'रवा'ची 'हवा' होते. मी तीनदा बोट फिरवलं आणि मग यांना बघायला सांगितलं. हे म्हणाले, ठिपका आहे, अंधुक आहे. अंधुक म्हणजे नाही. बोटाला जे लागत नाही ते तिथे नाही. तुझ्या खळग्यात हवा राहिली आहे, ती काढ. सातव्या ओळीतही एक अर्धा आहे.

दिवाळीनंतर साहेब मला जे पान काढून देतील ते मला वाचायचं आहे, म्हणून तिसरीचं नवं पुस्तक अख्खं लागेल. यांनी धडे उतरवून पाठवायचे, तू दाबायचे. होईल की नाही मला माहीत नाही.

डोळ्यांनी पाहत होते तेव्हा मी तुला खोटं कळवलं. या वेळी जे आहे तेच कळवते आहे. पान नापास आहे. सोबत परत पाठवते. पुन्हा दाब.

ताय